जुन्या मोटारीचे इंजिन : घरी किती, कारखान्यात किती?

जुनी मोटार ही श्रीमंतांची हौस, असा एक समज आहे. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा ती पाहायला लोटलेली गर्दी हा समज अधिकच पक्का करून घरी परतते. परंतु आपल्या भागातली जुनी मोटार बहुधा मेबॅक नसते. ती असते वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली फियाट अथवा पद्मिनी; गोठ्याशेजारच्या पडवीत, ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेली. विकायला मन होत नाही आणि चालू करायचे धाडस होत नाही. अशा मोटारीचे इंजिन घरच्या घरी कितपत नीट करता येते, कोणते काम कारखान्यातल्या कारागिराकडेच न्यावे, आणि हे करताना आपले हात, आपली फुप्फुसे व आपली नदी कशी सांभाळावी, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर, कामगारांच्या संगतीत आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेल्या पुस्तकांतून झाले. तेव्हा मिस्त्री ज्या शब्दांत बोलतो त्याच शब्दांत मी सांगणार आहे. श्रोत्यांनी ते गोड मानून घ्यावे.

ही मोटार आली कोठून

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या रचनेच्या मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ पासून निघालेली फियाट ११०० ही मोटारच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी ओळखीची झाली. विसावे शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपाने ती आणखी वीसेक वर्षे धावली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणूनही ती रस्त्यावरून गेली.

टॅक्सी गेली याचा आपल्या पडवीतल्या मोटारीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर पिस्टन, रिंगा, पॅकिंग, बेअरिंग यांना रोजचे गिऱ्हाईक होते. गिऱ्हाईक संपले की माल संपतो. म्हणून पूर्वी ‘जुने फेका, नवे बसवा’ म्हणणारा मिस्त्रीसुद्धा आता जुना भाग जपायला सांगतो. यापुढे या मोटारीचा प्रत्येक मूळ भाग हाच तिचा सुटा भाग आहे.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली खासगी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदवता येते. मात्र ती मूळ स्वरूपात राखलेली हवी; सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत भरमसाट फेरबदल केलेला चालत नाही. तेव्हा ‘त्यात दुसरे डिझेल इंजिन टाकून द्या’ हा सल्ला ऐकण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

पुरात बुडालेले इंजिन

या इंजिनाला चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. चौघांचे मिळून माप भरते १,०८९ घन सेंटिमीटर. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम या दोन धातूंचे स्वभाव निराळे आहेत, एवढे ध्यानात ठेवले तर निम्म्या चुका टळतात.

आपले गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वसलेले. दक्षिणद्वार होते तेव्हा पादुकांवरून आलेल्या पाण्यात स्नान करायला आपण धावतो. पण तेच पाणी चढत चढत पेठेत आले म्हणजे माळ्यावर सामान चढवायला धावतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांचे पूर कोणाला सांगायला नकोत. माणसे निघाली, गुरे निघाली. मोटार मात्र जागच्या जागी राहिली. पाणी ओसरल्यावर मालक पहिली गोष्ट कोणती करतो? बॅटरी जोडून चावी फिरवतो. हीच गोष्ट मुळीच करू नये.

कारण साधे आहे. पिस्टन वर येताना सिलिंडरातली हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना स्टार्टरने इंजिन फिरवले की पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड पुढे ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. म्हणजे पुराने जे केले नाही ते चावीने होते.

म्हणून आधी बॅटरीची तार सोडावी. चारही प्लग काढावेत. मग खालच्या तेलाच्या टाकीचा बोल्ट हळूहळू ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि आधी बाहेर येते. तेल दुधाळ चहाच्या रंगाचे दिसले तर पाणी त्यात घुसळले गेले आहे असे समजावे. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरात चांगले तेल सोडावे आणि क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानेच थोडे पुढे, थोडे मागे हलवावे. हलले तर उत्तम. हलले नाही तर जोर करू नये; डिझेल आणि इंजिन ऑइल समभाग घालून दोन-चार दिवस, वेळ पडल्यास पंधरा दिवस मुरू द्यावे. लोणच्याला जो धीर लागतो तोच येथे लागतो. इंजिन सुटले तरी ते खोलल्याशिवाय चालवू नये, कारण पुराच्या पाण्याबरोबर कृष्णाकाठचा बारीक गाळ आत गेलेला असतो. शेताला तो सोने आहे. बेअरिंगला तो पॉलिश पेपर आहे.

खोलणे

खोलणे सोपे आणि लावणे अवघड, असे कारखान्यात म्हणतात. त्यावर उपाय एकच: खोलतानाच लावण्याची तयारी ठेवावी. आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. प्रत्येक पायरीला एक छायाचित्र घ्यावे. पुठ्ठ्याला भोके पाडून व्हॉल्व्हच्या काड्या त्यात क्रमाने खोचाव्यात. जी काडी, जो टॅपेट, जो व्हॉल्व्ह जेथे झिजला तेथेच तो परत गेला पाहिजे. त्यांची अदलाबदल चालत नाही. कनेक्टिंग रॉडच्या आणि मुख्य बेअरिंगच्या टोप्या तर आपापल्या जोडीदाराबरोबरच कातलेल्या असतात. त्यांची जोडी फोडली की ती पुन्हा जमत नाही.

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असतानाच, बाहेरून आत, थोडे थोडे करत ढिले करावेत. एका कडेचे सगळे नट एकदम सोडले तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. आणि हेड चिकटून बसले म्हणून फटीत डिसमिस घालून उचकटू नये. त्या एका ओरखड्यातून पुढे पाणी आणि गॅस गळत राहतो.

धुणे आणि गंज काढणे

तेलकट भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुवावेत, पेट्रोलने कधीही नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दूरच्या देवघरातल्या निरांजनापर्यंतही जाऊ शकते.

बिडाचे भाग धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात स्वच्छ होतात. अ‍ॅल्युमिनियमच्या भागाला मात्र कॉस्टिक सोडा लावू नये. तो धातूच खाऊ लागतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. घरात चिंचेने तांब्या-पितळेची भांडी उजळतात. चिंचेतले आम्ल वरचा थर विरघळवते. लोखंडाच्या गंजालाही हाच न्याय लागू आहे. किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक आम्ल कोमट पाण्यात घालून लहान भाग त्यात रात्रभर ठेवले तर गंज सुटतो. पण बाहेर काढल्यावर ते लगेच धुवून, कोरडे करून, तेल लावावे लागते. नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस पडतात.

मोठ्या बिडाच्या भागासाठी विजेची पद्धत आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी करावे. गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडून दोन्ही पाण्यात, एकमेकांना न टेकता, सोडावेत. गंज हळूहळू मोकळा होतो आणि चांगल्या धातूला धक्का लागत नाही. हे काम उघड्यावरच करावे, कारण येथेही हायड्रोजन निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नये; त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. स्प्रिंगा आणि ताण घेणारे कठीण बोल्ट मात्र आम्लात किंवा या पिंपात टाकू नयेत. हायड्रोजन शोषून ते ठिसूळ होतात आणि वरून चांगले दिसून ऐन वेळी तुटतात.

मोजमाप

आता सर्वांत महत्त्वाचे काम. भाग चकचकीत झाला म्हणजे चांगला झाला असे नाही. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. सिलिंडरची झीज दोन केसांइतकी झाली की इंजिन तेल पिऊ लागते. इतका फरक नुसत्या नजरेला दिसत नाही.

सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाशी, जेथे वरची रिंग थांबून परत फिरते. म्हणून वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी इंजिनाच्या लांबीत व आडवे अशी दोन मापे घ्यावीत. सहा आकडे कागदावर मांडले की झीज आपोआप बोलू लागते. साधारण ०.१५ मिलिमीटरच्या पुढे झीज गेली असेल तर नुसत्या नव्या रिंगा घालून भागत नाही. बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. बोअर गेज घरी नसेल तर रिंगेचीच मदत घ्यावी. रिंग सिलिंडरात सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने मोजावी. नव्या रिंगेला दर २५ मिलिमीटर व्यासामागे ०.१ मिलिमीटर हा ठोकताळा आहे. म्हणजे येथे पाव मिलिमीटरहून किंचित जास्त. तीच रिंग वर आणि खाली ठेवून फटीत पडणाऱ्या फरकाला साधारण तीनने भागले की व्यासातला फरक मिळतो. शाळेत शिकलेला वर्तुळाचा परीघ येथे उपयोगी पडतो.

हेड सपाट आहे की नाही हे पाहायला त्यावर खात्रीची सरळ पट्टी उभी धरावी आणि तिच्याखाली ०.१ मिलिमीटरचे पाते सरकवून पाहावे. ते सहज आत गेले तर हेड मशीनवर घासून घ्यावे लागेल. व्हॉल्व्ह घरी बसवता येतात. ग्राइंडिंग पेस्ट लावून, दांडीने उलटसुलट फिरवून, व्हॉल्व्हवर आणि त्याच्या बैठकीवर करड्या रंगाचे अखंड कडे उमटेपर्यंत घासावे. मग हेड उलटे ठेवून, प्लग लावून, खोलगट भागात रॉकेल ओतावे. पंधरा मिनिटांत थेंब गळला नाही तर काम झाले.

ही सगळी मापे तारखेसह वहीत लिहावीत, हा माझा आग्रह आहे. मी आयुष्यभर मालक आणि कामगार यांच्यातली भांडणे सोडवत आलो. त्यांतली निम्मी भांडणे काहीच लिहून ठेवले नव्हते म्हणून झाली. वहीतले माप दोघांचेही रक्षण करते. गरज नसलेले बोअरिंग गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडत नाही, आणि आधीच झिजलेल्या भागाचे खापर मिस्त्रीच्या डोक्यावर फुटत नाही.

कारखान्यात काय न्यावे

बोअरिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग, हेड सपाट करणे, व्हॉल्व्हच्या नव्या बैठका ठोकणे आणि ब्लॉकची तडा तपासणी, ही कामे घरी होत नाहीत. तशी ती करूही नयेत. याच्यासाठी आपल्याला मुंबईला जावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली पलीकडच्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि ग्राइंडिंगची दुकाने गल्लोगल्ली झाली. शेतकऱ्याचे पंप आणि ऑइल इंजिने दुरुस्त करत करत या भागाचा हात तयार झाला आहे.

पण हा हात म्हातारा होत चालला आहे. क्रँक ग्राइंडिंगवर तीस वर्षे उभा राहिलेला कारागीर केसाच्या सातव्या हिश्शाइतके माप सांभाळतो, आणि आपण त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. मग त्याचा मुलगा ते काम का शिकेल? मोटार वाचवायची असेल तर आधी तिला वाचवणारा माणूस त्या धंद्यात टिकला पाहिजे. त्याला पुरती मजुरी द्यावी, आणि घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ते काम पाहायला बरोबर न्यावे.

जुळवणी

बोअरिंग आणि होनिंग होऊन आलेला ब्लॉक घरी आणल्यावर पहिल्याने साबण आणि कढत पाणी यांनी घासून धुवावा. रॉकेलने धुतला तर दगडाची बारीक कचकच बिडाच्या छिद्रांतच राहते. धोतराच्या पांढऱ्या तुकड्याला तेल लावून सिलिंडर पुसावा; तुकडा पांढरा राहीपर्यंत धुणे थांबवू नये. मग लगेच तेल लावावे.

प्रत्येक बेअरिंग, पिस्टन, कॅम तेलाने माखून बसवावा. हेडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळावेत. सगळे झाल्यावर प्लग न लावता इंजिन फिरवावे. तेलाचा दाब दिसू लागला की मगच प्लग लावून चालू करावे. नव्या रिंगा बसतात त्या थोड्या भाराखाली, म्हणून पडवीत तासभर रिकामे इंजिन चालवत बसू नये. मोटार रस्त्यावर काढावी.

इंधनाचीही एक नवी अडचण आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच शिवारातल्या उसापासून तयार होते, ही आनंदाची गोष्ट; पण या मोटारीच्या जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी केलेले नाहीत. इथेनॉल त्यांना फुगवते, आणि हवेतले पाणी शोषून कार्बोरेटरात गंजही आणते. म्हणून नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे घालावेत, आणि मोटार महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामा ठेवावा.

हात, फुप्फुसे आणि नदी

जुन्या क्लचच्या प्लेटांत, ब्रेकच्या लायनिंगांत आणि हेडच्या पॅकिंगात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा. त्याची धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावी आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. त्या धुळीचा आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी गोष्ट शिशाची. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. ते तयार करताना १९२४ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी जगाने ते पुढे कित्येक दशके वापरले. भारतात ते २००० साली बंद झाले. त्याआधी धावलेल्या इंजिनाच्या हेडमधल्या काजळीत ते अजून आहे. म्हणून ती काजळी कोरडी खरवडू नये. रॉकेलने ओली करून काढावी, आणि हात धुतल्याशिवाय तंबाखूच्या डबीला हात लावू नये.

तिसरी गोष्ट जळक्या तेलाची. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांच्या तेलाने ज्यांचे कपडे रोज भिजत, त्या कामगारांना त्वचेचा कर्करोग होई. १९२० च्या दशकात डॉक्टरांनी हा संबंध उघड मांडला. इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्या बंधूंनी हे लक्षात ठेवावे. वापरलेले इंजिन ऑइल याच जातीचे आहे. हातमोजे घालावेत आणि तेलकट कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. ते तेल डब्यात साठवून भंगार तेल घेणाऱ्याला द्यावे. गटारात ओतलेले तेल घाटावर येते, आणि तेथे दूरदूरची माणसे श्रद्धेने डोके बुडवतात.

चौथी गोष्ट लहान, पण प्राणाशी गाठ असलेली. बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि तो झोप यावी तसा मारतो.

काम केव्हा सुरू करावे, असे विचाराल तर वसंत ऋतूच योग्य. हवा कोरडी असते, धुतलेले भाग लवकर वाळतात, मुलांना सुट्टी असते. चैत्रात खोलावे, वैशाखात कारखान्याची कामे उरकावीत, ज्येष्ठात जुळवावे. काही राहून गेलेच, तर मृग लागायच्या आत ब्लॉक, हेड आणि सर्व डबे तेल लावून, २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर चढवून ठेवावेत. आपल्या गावात प्रत्येक घराला ती खूण ठाऊक आहे.